साठा कोणाचा, हक्क कोणाचा? महागाई, गृहस्थ आणि अपरिग्रह

चलनवाढ म्हणजे वस्तूंच्या किमतींची एकूण पातळी सातत्याने चढत जाणे, आणि अवमूल्यन म्हणजे परकीय चलनाच्या तुलनेत स्वदेशी चलनाचा विनिमयदर उतरणे किंवा उतरवला जाणे. या दोन्हींची कारणे शोधणे हे अर्थशास्त्राचे काम असले, तरी त्यांच्या तडाख्यात सापडलेल्या घराने उद्याची तजवीज किती करावी, ती कोणत्या रूपात ठेवावी आणि ती करताना शेजाऱ्याच्या घासाशी त्या घराचे काय नाते उरते, हा प्रश्न मुळात धर्माचा, म्हणजे कर्तव्याकर्तव्याचा आहे. भारतीय गृहस्थाला तो टाळता येत नाही. १९४९ च्या अवमूल्यनानंतर एका डॉलरला ४.७६ रुपये पडत. ६ जून १९६६ रोजी तो दर ७.५० रुपयांवर गेला, आणि २०२२ मध्ये त्याने ऐंशीचा आकडा ओलांडला. रिझर्व्ह बँकेपुढे २०१६ पासून चलनवाढीचे जे उद्दिष्ट आहे ते चार टक्क्यांचे, दोन टक्के अधिक-उणे होण्याच्या मुभेसह. म्हणजे सहा टक्क्यांची वरची मर्यादा कायम राहिली, तर सर्व काही नियमात बसत असतानाही कपाटातील नोटेची खरेदीशक्ती बारा वर्षांत निम्म्यावर येते.

अशा स्थितीत साठा करणे शहाणपणाचे, असे व्यवहार सांगतो, तर भारतीय अध्यात्मपरंपरेचा एक मोठा प्रवाह नेमके उलटे सांगतो. पातंजल योगसूत्रांत अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणे, हा पाच यमांपैकी एक आहे, आणि त्यावरील व्यासभाष्यात या यमाचे कारण असे दिले आहे की वस्तू मिळवण्यात, ती राखण्यात, तिचा क्षय होण्यात, तिच्याविषयी आसक्ती जडण्यात आणि तिच्यापायी इतरांची हिंसा घडण्यात जे दोष आहेत, ते दिसू लागल्यावर माणूस तिचा स्वीकारच करीत नाही. यांपैकी क्षयाचा दोष चलनवाढीच्या काळात वेगळ्याच प्रकारे प्रत्ययाला येतो. एरवी क्षय म्हटला की चोर, आग, वाळवी किंवा बुरशी डोळ्यांपुढे येते. येथे मात्र वस्तूला कोणी हात लावत नाही, नोट जशीच्या तशी राहते, खात्यावरची रक्कम व्याजाने वाढलेलीही दिसते, आणि तरी तिच्यात सामावलेले धान्य, औषध आणि घरभाडे कमी झालेले असते. काटकसरीने वागलेला दंड भरतो आणि कर्ज काढून बसलेला सुटतो, हा उफराटा न्याय पाहिला की घर पैशाकडून वस्तूंकडे पळू लागते, म्हणजे सोने, जमीन, तूरडाळ, तेलाचे डबे यांच्याकडे. आणि मग भाष्यातील शेवटचे दोन दोष, आसक्ती आणि हिंसा, आपोआप मागून येतात. भीतीने घेतलेली वस्तू हातून सुटत नाही, आणि टंचाईत एका घरात जास्तीची गेलेली वस्तू दुसऱ्या घरात पोहोचत नाही.

महात्मा गांधींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अपरिग्रहाचा संबंध अस्तेयाशी, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताशी जोडला. गरज नसलेली वस्तू जवळ बाळगणे हीही एक प्रकारची चोरीच, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि पूर्ण अपरिग्रही माणूस पाखरासारखा उद्याच्या अन्नाचाही साठा करणार नाही, असे त्यांनी मानले. हा आदर्श फार थोड्यांना गाठता येईल याची त्यांना जाणीव होती. पण ज्याच्या घरात लहान मुले, आजारी आई आणि महिनाअखेरीस येणारा ठरावीक पगार आहे, त्याच्या दृष्टीने उद्याची गरज ही गरज धरावी की नाही, हा प्रश्न या आदर्शाने सुटत नाही.

त्याचे उत्तर धर्मशास्त्रात अधिक नेमकेपणाने सापडते, तेही काहीशा अनपेक्षित जागी. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाश्रमी ब्राह्मणाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: कणगीभर धान्य बाळगणारा कुसूलधान्यक, घागरभर बाळगणारा कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरते ठेवणारा त्र्यहैहिक आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा अश्वस्तनिक. यांत प्रत्येक पुढचा आधीच्याहून श्रेष्ठ मानला आहे. मात्र कणगी म्हणजे नेमके किती, याविषयी टीकाकारांत एकमत नाही, कारण कोणी ते बारा दिवसांचे धान्य समजतो, तर कोणी तीन वर्षांचे. वरवर पाहता हे अपरिग्रहाचेच समर्थन वाटते. परंतु त्याच स्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात असेही म्हटले आहे की सारे प्राणी जसे वायूच्या आधाराने जगतात, तसे बाकीचे तिन्ही आश्रम गृहस्थाच्या आधाराने जगतात. ही दोन विधाने शेजारी ठेवली की एक गोष्ट लपत नाही: ज्याच्या घरी उद्याचे काही नाही तो उद्या उपाशी राहत नाही, याचे कारण दुसऱ्या कोणाची तरी कणगी भरलेली असते. अश्वस्तनिकाचे श्रेष्ठत्व, आणि पुढे संन्याशाची व भिक्षूची निर्लेपता, ही शेतकऱ्याच्या व वाण्याच्या साठ्यावर उभी आहे. आणि ही कणगी भरणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या शास्त्राने श्रेष्ठत्वाच्या पायऱ्यांवर जागा दिली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. म्हणून गृहस्थाचा साठा हे अपरिग्रहाचे उल्लंघन ठरत नाही. तो इतरांच्या अपरिग्रहाचा पाया असतो, आणि नेमक्या याच कारणाने त्या साठ्यावर अतिथीचा, आश्रिताचा व याचकाचा हक्क मानला गेला. हा हक्क मान्य असेपर्यंत साठा धर्म्य राहतो. महागाई घराला दार लावून घ्यायला शिकवते, आणि ते दार लागले की साठ्याचे हे समर्थनही संपते.

साठा आणि साठेबाजी यांच्यातील सीमारेषा कोठे आखावी, याचा सर्वांत काटेकोर विचार मात्र इस्लामी विधिशास्त्रात झालेला दिसतो. भाव चढावा म्हणून अन्नधान्य दाबून ठेवण्याला तेथे इहतिकार म्हणतात आणि असे करणारा पापी ठरतो. परंतु स्वतः पैगंबर आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची तरतूद करून ठेवत, असे बुखारींच्या हदीससंग्रहात नोंदलेले असल्याने घरच्यापुरता केलेला संग्रह या निषेधात येत नाही. हनफी पंथाच्या शास्त्रज्ञांनी पुढे असा भेद केला की स्वतःच्या शेतात पिकलेले राखून ठेवणारा साठेबाज नव्हे, पण गावच्याच बाजारातून उचलून दाबून ठेवणारा साठेबाज होय. आणि त्यांच्यातील अबू यूसुफ यांनी निषेधाची व्याप्ती अन्नापुरती न ठेवता, जी वस्तू अडवल्याने लोकांचे हाल होतात अशा प्रत्येक वस्तूपर्यंत वाढवली. येथे कसोटी पोत्यांच्या संख्येची नाही. माल कोठून आला, कोणत्या काळात उचलला आणि तो अडवल्याने कोणाचे काय अडले, हे पाहिले जाते.

मराठी घरांतील वर्षाच्या बेगमीची जुनी रीत या कसोटीवर चांगली उतरते. सुगीनंतर, बाजारात गहू, ज्वारी आणि तूर मुबलक असताना, उन्हाळ्यात धान्य घेऊन, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून भरून ठेवणारे घर शेतकऱ्याला गिऱ्हाईक देते आणि श्रावण-भाद्रपदातील तुटीच्या दिवसांत बाजारातील गर्दीतून स्वतःला वजा करते. म्हणजे त्याच्या तरतुदीने इतरांची टंचाई थोडी कमीच होते. तेच धान्य, तेवढेच, भाव भडकल्याच्या बातमीने ऐन टंचाईत उचलले तर त्याच घराचे कृत्य हिंसेच्या बाजूला सरकते. सोन्याची गोष्ट निराळी आहे, कारण तिजोरीत पडलेल्या सोन्याने शेजाऱ्याची चूल विझत नाही. त्याचा दोष आसक्तीचा आणि राखणीचा आहे, हिंसेचा फारसा नाही. या कारणाने, ज्याला रुपयाच्या घसरणीची भीती वाटते त्याने आपली भीती सोन्यात किंवा दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत ठेवावी, डाळीच्या पोत्यांत ठेवू नये, असे म्हणण्यास नैतिक आधार मिळतो.

सोन्याचा विषय निघाला की घरातील सोने कोणाचे, हेही विचारणे भाग आहे, आणि या प्रश्नाकडे धर्मचर्चेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. याज्ञवल्क्यस्मृती असे सांगते की दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा बंदिवासात पतीने स्त्रीधन, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालकीचे धन, वापरले तर ते परत करण्यास तो बांधील नाही. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही याच स्मृतीवरील टीका असून मुंबई इलाख्यातील हिंदू कायद्याचा ती प्रमुख आधार होती. याज्ञवल्क्याच्या या वचनाचा हेतू मर्यादा घालण्याचा असावा, म्हणजे या प्रसंगांखेरीज हात लावू नये. व्यवहारात मात्र घराच्या संकटनिधीचा पहिला हप्ता नेहमी स्त्रीच्या गळ्यातून निघाला, आणि कुटुंबाची तयारी या नावाखाली एकाच व्यक्तीची सुरक्षितता गहाण पडली. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या एका निकालात, पतीने अडचणीत स्त्रीधन वापरले तरी ते परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते, असे पुन्हा स्पष्ट केले. या बाबतीत न्यायालयाची भूमिका स्मृतीहून अधिक धर्म्य आहे, असे म्हणण्यास संकोच करण्याचे कारण नाही. देशाच्या सोन्याशी तुलना करून पाहावी: १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटात भारताने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवले, पण ते कर्ज फेडून सोडवून घेण्यासाठी ठेवलेले होते. घरातल्या पाटल्यांविषयी एवढी शिस्त क्वचितच पाळली जाते.

दानाची मर्यादा हा याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. पाली त्रिपिटकातील सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग सुचवले: एक उपभोगासाठी, दोन उद्योगात घालण्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीला पाच भाग सांगतात, धर्म, कीर्ती, अर्थ, काम आणि स्वजन यांच्यासाठी, आणि सर्वस्व देऊ नकोस असे बजावतात. बळी ते मानत नाही आणि परंपरा बळीलाच मोठा ठरवते. तथापि बळीने दिले ते स्वतःचे. वारकरी परंपरेतील दोन कथा या भेदावर प्रकाश टाकतात. मंगळवेढ्याच्या दामाजींनी दुष्काळात लोकांसाठी खुली केलेली कोठारे बीदरच्या सुलतानाची होती, आणि कथेत विठ्ठलाला विठू महाराच्या रूपाने जाऊन त्या धान्याची पुरती किंमत चुकती करावी लागते. भक्तीनेही हिशेब बुडवलेला नाही. तुकोबांनी १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात दुकान आणि पहिली पत्नी गमावली. पुढे त्यांनी सावकारीचे कर्जरोखे इंद्रायणीत सोडले, पण चरित्रपरंपरेनुसार ते आपल्या वाट्याचे अर्धेच होते, उरलेले अर्धे त्यांनी भाऊ कान्होबाकडे दिले. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग करण्याचा अधिकार कोणालाच नाही, ही गोष्ट संताने पाळली आणि पुष्कळ कुटुंबप्रमुख विसरतात, मग ते मुलांच्या शिक्षणाचा पैसा देवस्थानाला देणारे असोत की एका रात्रीत दुप्पट होण्याच्या आशेने बाजारात लावणारे.

इतके करूनही घराच्या तयारीला एक छत असतेच. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक, जबर व्याजाच्या कर्जातून सुटका, आजारपणाचा विमा, थोडे सोने आणि हातात एखादे जास्तीचे कसब एवढे जमवणे पगारदार घराला अवघड पण शक्य असते. रोजंदारीवरच्या घराला यातले बहुतेक काही शक्य नसते, आणि त्याला बचतीचा उपदेश करणे ही थट्टा होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या विनिमयदरापेक्षा देशांतर्गत खरेदीशक्तीच्या स्थैर्याला महत्त्व दिले आणि चलन काढणाऱ्याच्या मर्जीला बंधन हवे असा आग्रह धरला. किमती चढतात तेव्हा मजुरी मागे राहते आणि नफा मजुराच्या ताटातून जातो, हे त्यांचे निरीक्षण होते. चलन स्थिर ठेवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि ते चुकते तेव्हा घरोघरच्या कणग्यांनी त्याची भरपाई होत नाही. मुंबईत १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर कार्यकर्त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली तेव्हा लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका आपापल्या घरचे डबे भरून मागत नव्हत्या. रास्त भावाचे धान्य, तेल आणि रॉकेल सर्वांना मिळावे, ही त्यांची मागणी होती.