लग्नाचा पैसा आणि पेरणीचा पैसा

जळकोटसारख्या कोरडवाहू मुलखात लग्नसराईची दाटी वैशाख-ज्येष्ठात. आषाढी एकादशीला देव निजले की तिथी थांबल्या, म्हणून सगळ्यांचीच घाई! पण मृगाच्या पेरणीचे बी-खतही त्याच दिवसांत घ्यायचे असते. पैसा तर एकच. तो मांडव, बँड, आहेर नि पंगतींत सरला, म्हणजे बियाण्यासाठी सावकाराचा उंबरा झिजवणे आले.

तुकोबारायांनाही तीन मुली उजवायच्या होत्या. महिपतीबोवा सांगतात, रस्त्यात खेळणारी ज्ञातीची तीन मुले घरी आणून महाराजांनी तिघींचे कार्य एकदमच उरकले. (ते वय आज चालायचे नाही, कायद्याने गुन्हा आहे, आम्ही खर्चापुरते बोलतो.) आपल्या वाट्याची कर्जखते ज्यांनी इंद्रायणीत सोडली, त्यांच्या घरच्या या लग्नकथेत सावकार कुठेच येत नाही.

तेव्हा सुपारी फोडण्याआधी घरच्यांनी एकत्र बसावे. पेरणीचे, लेकरांच्या शाळेचे, वारीचे पैसे आधी बाजूस काढावे. उरेल त्यात लग्न बसवावे. जमल्यास तुळशीचे लग्न लागल्यावरची तिथी धरावी, तोवर सोयाबीन घरात आलेले असते. पंगत आटोपशीर केली म्हणून सोयरे रुसतील? रुसू द्या बापडे!

हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण 'लग्न दणक्यात करून द्या' हाही हुंड्याचाच भाऊ. मुलीचा बाप बैठकीत तोंड उघडू शकत नाही. 'आम्हांला साधेच हवे' हे वरपक्षाच्या माळकऱ्याने आधी बोलावे, आणि चारचौघांत बोलावे.