मॉनिटर कोणाचा माणूस?

तास संपायच्या आधीच बाईंना ऑफिसात बोलावणं येतं. त्या मॉनिटरच्या हातात खडू देतात आणि जाता जाता सांगतात, 'बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून ठेव.' आपल्यापैकी बहुतेकांची नेतृत्वाशी पहिली ओळख अशीच झालेली असते. ज्याच्या हाती खडू, तो त्या क्षणापासून वर्गाचा राहत नाही, बाईंचा होतो. मधल्या सुट्टीत कुणी त्याच्यापुढे डबा सरकवतो, नाव पुसलं जावं म्हणून. वशिला म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुठेच नसतं, पण पाचवीतल्या पोरालाही ते पक्कं ठाऊक असतं.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर हा विषय हटकून आठवतो. नाक्यावर जिल्हा परिषदेचं बी. जे. हायस्कूल आहे आणि त्याच नाक्यावर आनंद आश्रम. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे इथे दरबार भरवत आणि रात्री उशिरापर्यंत लोकांची गाऱ्हाणी ऐकत. 26 ऑगस्ट 2001 ला ते गेले, पण नाक्यावरचा देवीचा उत्सव आणि दहीहंडी, दोन्ही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. दरबारात गेलेल्या कित्येकांची कामं झाली, हे ठाण्यात कुणीही सांगेल आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या पद्धतीत गाऱ्हाणं घेऊन येणारा एकटा असतो. काम झालं की तो हात जोडतो आणि उपकार मानून घरी जातो. तेच काम उद्या दुसऱ्या कुणाचं अडलं, तर त्यालाही पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागतं. नाक्यावरून रोज येणारी-जाणारी मुलं नेता म्हणजे काय हे इथेच शिकतात, आणि आपल्या शाळा त्यांना दुसरं काही दाखवत नाहीत.

दाखवतात म्हणा, शालेय मंत्रिमंडळ दाखवतात. हल्ली त्याची निवडणूक मोठ्या थाटात होते. मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप, बोटाला शाई, केंद्राध्यक्ष, मतमोजणी, शपथविधी, सगळं हुबेहूब. मग स्वच्छतामंत्री नखं तपासतो, आरोग्यमंत्री उलटी झालेल्या मुलाला घरी पोचवतो आणि सहलमंत्र्याला सहल कुठे जाणार हे सूचना निघाल्यावर कळतं. इंग्रजी माध्यमात हेच हेड बॉय, हेड गर्ल नावाने, सॅश आणि बॅज लावून चालतं. दहीहंडीत सगळ्यात वरच्या थरावर सगळ्यात लहान पोर चढवतात. टाळ्या त्याला पडतात, पण थर किती लावायचे हे खालची मोठी माणसं ठरवतात. तसाच हा शाळेतला मुख्यमंत्री. आणि गंमत अशी, की हंडीवर चढणाऱ्या पोराचं वय काय असावं, याची निदान न्यायालयात चर्चा तरी झाली.

मुलांना खरंच काही म्हणायचं असतं का? चंद्रपूरचं उदाहरण बघा. ऑगस्ट 2016 मध्ये तिथली सातवीतली दोन मुलं थेट पत्रकार संघात गेली आणि त्यांनी पत्रकार परिषद घेतली. विषय दप्तराचं ओझं. आठ विषयांची 16 पुस्तकं, पाच ते सात किलो वजन आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मुख्याध्यापकांना अनेकदा सांगून झालं, काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नाही ऐकलं तर उपोषणाला बसू, असंही सांगून ती मोकळी झाली. मोठ्यांनी कौतुक केलं, वर्तमानपत्रांनी फोटो छापले. मला त्यात कौतुकापेक्षा नामुष्की जास्त दिसते. वर्षभर आधी, 2015 मध्येच, राज्य सरकारने दप्तराचं ओझं कमी करण्याचा शासन निर्णय काढला होता. म्हणजे मुलं नवं काहीच मागत नव्हती, सरकारचाच कागद पाळा म्हणत होती. त्यासाठी बारा-तेरा वर्षांच्या पोरांना पत्रकार गाठावे लागले, कारण शाळेच्या आत त्यांचं म्हणणं वर नेणारा आणि उत्तर खाली आणणारा कुणी नव्हता. वर्गात मॉनिटर असणारच. पण तो बाईंचा माणूस!

कायद्याची उणीव आहे असंही नाही. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत विचारात घ्यावं, असं 1989 च्या बालहक्क संहितेचं 12वं कलम सांगतं आणि भारताने 1992 मध्ये ती मान्य केली. शाळांत तक्रारपेटी असावी, असा आदेशही जुना आहे. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, 20 तारखेला संतापलेले लोक रेल्वेरुळांवर उतरले, आणि मग शासनाला तक्रारपेटीची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. त्या मुली चार वर्षांच्या होत्या. त्यांना चिठ्ठी लिहिता येत नव्हती. ऐकणारं माणूस हवं होतं. मोठ्या मुलांना लिहिता येतं, पण ती लिहीत नाहीत. कारण पेटीत टाकलेल्या चिठ्ठीचं पुढे काय झालं, हे त्यांना कधी कळतच नाही. बऱ्याच ठिकाणी तर पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशीच टांगलेली असते, शिपाईकाकांच्या नजरेसमोर!

यावर शिक्षकांचं उत्तर मला पाठ आहे: एका वर्गात साठ-साठ मुलं, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं, त्यात पोरांना डोक्यावर कुठे बसवता? पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी नाही. ऐकून घेणं म्हणजे मागितलेलं सगळं देणं नव्हे. खेळाचा तास गणिताला का दिला, याचं कारण सांगून 'या महिन्यात जमणार नाही' म्हणता येतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी का नाही, याला मात्र कारण नसतं. ती त्याच आठवड्यात बसवायला हवी.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती आहे. पेटी जिन्याखाली किंवा ग्रंथालयात हलवा. प्रत्येक वर्गाला आपला प्रतिनिधी स्वतः निवडू द्या आणि वर्गावर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे देऊ नका. दर शनिवारी त्या प्रतिनिधींसमोर पेटी उघडा. मात्र चिठ्ठ्या आधी तुम्ही वाचा. अत्याचाराचा संशय असेल, तर ती चिठ्ठी परिपाठात नाही, थेट पोलिसांकडे जायला हवी. पॉक्सो कायद्याने ते बंधनकारकच आहे. उरलेल्या चिठ्ठ्यांना, कुणाचंही नाव न घेता, सोमवारी सूचनाफलकावर लेखी उत्तर द्या: होईल, किंवा होणार नाही आणि का होणार नाही.