नावाचा मक्ता आणि हातांचा हुन्नर

फ्रेंच चष्म्याच्या सौंदर्याची चर्चा निघाली म्हणजे पॅरिसच्या वेशभूषाकारांची नावे प्रथम पुढे येतात. परंतु ज्या सौष्ठवाचे श्रेय या नावांच्या पदरी अनायासे पडते, त्याची घडण मुख्यतः स्वित्झर्लंडच्या सरहद्दीलगत, ज्युरा पर्वतातील हिमाच्छादित खोऱ्यांत झाली, आणि ती करणारे लोक खिळे ठोकणारे, तार ओढणारे व फण्या कापणारे साधे कारागीर होते.

1796 मध्ये मोरे या गावाजवळ पिएर-इयासँत काझो नावाच्या खिळे घडवणाऱ्याने तारेची पहिली फ्रेम वळवली, असे तिथला इतिहास सांगतो. बिएन नदीच्या पाण्यावर चाके फिरत होती, तार ओढण्याची विद्या अंगवळणी पडली होती, आणि दीर्घ हिवाळ्यात शेतीचे काम थांबले की घराघरांतले हात मोकळे होत होते. कमीत कमी धातूत काम भागवण्यात कारागिराचा फायदा होता, आणि नाकावर भार वाहणाऱ्याचे सुखही त्यातच होते. फ्रेंच फ्रेमच्या ज्या मितभाषी रेषेला आपण आज अभिरुची म्हणून गौरवतो, तिचा उगम मला या काटकसरीत दिसतो. दक्षिणेकडील ओयोना हे गाव तर लाकडाच्या व शिंगाच्या फण्यांवर, आणि पुढे सेल्युलॉइडवर जगत होते. पहिल्या महायुद्धानंतर स्त्रियांनी केस आखूड कापण्यास आरंभ केला, तेव्हा फण्यांची मागणी खालावली, आणि तेच कापण्याचे व झिलई देण्याचे कसब इतर वस्तूंकडे, त्यांतच चष्म्यांकडे, वळले.

स्वतः पॅरिसचा वाटाही नाकारता येणार नाही, परंतु तोही प्रथम श्रमिकांचाच आहे. 1849 मध्ये तेथील चष्मेकारांनी स्थापिलेल्या सहकारी मंडळीतूनच पुढे एसेल ही संस्था उभी राहिली, आणि 1950 नंतरच्या दशकात तिने ‘नायलोर’ ही रचना आणली: भिंगाच्या कडेला खाच पाडून तीत नायलॉनचा बारीक दोरा बसवायचा, म्हणजे खालची धातूची कड अजिबात लागत नाही. अदृश्य दोऱ्यावर काच तोलून धरण्याची ही युक्ती ज्याला सुचली, त्याला शैलीचे मर्म पुरते उमगले होते, असे मी म्हणेन.

या हुन्नराचा सर्वांत नाजूक, आणि नैतिक दृष्ट्या सर्वांत अवघड, अंश म्हणजे कासवाच्या पाठीची फ्रेम. हे द्रव्य उष्णता, ओलावा आणि दाब यांनी गोंदाविना एकजीव होते, त्यामुळे तुटलेली काडी पुन्हा सांधता येते व फ्रेम पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बॉने घराण्याने ही विद्या जतन केली, आणि त्यांतील क्रिस्तिआँ बॉने यांना फ्रेंच शासनाने ‘कलाचार्य’ म्हणावे अशा पदवीने सन्मानित केले. परंतु ज्या कासवाचे हे कवच, त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार आज निषिद्ध आहे, आणि काम चालते ते निर्बंधांपूर्वीच्या जुन्या साठ्यावर. तो निर्बंध सर्वथा न्याय्य आहे. हुन्नर कितीही थोर असला, तरी त्यासाठी एखाद्या जीवजातीचा नाश पत्करण्याचा हक्क कुणालाही नाही.

आता प्रश्न नावांचा. वेशभूषेच्या पेढीने आपले नाव करारनाम्याने मक्त्यास द्यावे आणि फ्रेम अन्य देशीच्या कारखान्याने घडवावी, ही वहिवाट गेल्या अर्धशतकात रूढ झाली: शानेलची फ्रेम इटलीच्या लुक्सोतिकाकडे, तर दिओरची दीर्घकाळ त्याच देशातील साफिलोकडे होती. इटालियन कारागिरी उत्तम आहे, आणि मोठ्या नावामुळे पुष्कळ कामगारांना रोजगार मिळतो, हा आक्षेप मी मान्य करतो. तरीही मुदत सरताच नाव एका दिवसात दुसऱ्या कारखान्याच्या दारी जाते. हातांना तसे उठून जाता येत नाही. स्वतःच्या नावाने चष्मे रचणाऱ्या आल्याँ मिकलींनी 1978 मध्ये आरंभ करून रंगीत अ‍ॅसिटेटचे थर एकावर एक चढवले, चष्मा लपवण्याऐवजी मिरवण्यास शिकवले. त्यांची पेढीही 2013 मध्ये लुक्सोतिकाच्या मालकीत गेली.

मोरे येथील व्हिक्टर बेरार विद्यालयात चष्म्याच्या धंद्याचे शिक्षण मिळते. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलांना खोऱ्यात काम मिळावे, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी काडीच्या बाहेरील सुवर्णाक्षरांइतकेच महत्त्व आतल्या बाजूस कोरलेल्या गावाच्या नावाला दिले पाहिजे, आणि ते नाव तेथे नसेल तर दुकानदारास त्याचे कारण विचारले पाहिजे.