उतारावर गिअर धरू दे

आई घाटनदेवी, इगतपुरीला घाटाच्या माथ्यावर तू बसली आहेस. कसाऱ्याकडे उतरणारा गाडीवाला तुला हात जोडून पुढे जातो. आज मी माझ्या म्हाताऱ्या गाडीचं गाऱ्हाणं घेऊन आलोय.

15 वर्षांचं रजिस्ट्रेशन संपलं, री-पासिंग करून पुढची 5 वर्षं मिळाली. कागदावर गाडीचं आयुष्य वाढलं, पण गिअरबॉक्स आतून झिजतच होता. आधी नुसता घोंघावणारा आवाज यायचा. आता तिसऱ्या गिअरवर उतार लागला आणि ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला, की दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. आई, घाटात याचा अर्थ काय होतो हे तुझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. गिअर असतो तोवर इंजिन चाकांना मागे ओढून धरतं. तो सुटला की भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, आणि तापलेले लायनर धरत नाहीत.

मिस्त्रींनी तेल काढलं तेव्हा ड्रेन प्लगच्या लोहचुंबकाला लोखंडाचा कीस चिकटलेला होता आणि तेलात पितळेची चमक होती. सिंक्रो रिंगा गेल्या आहेत, बेअरिंगही. दाट तेल घालून आवाज दाबता येतो, असं सांगणारे भेटले. आवाज दबेल, पण झिजलेले दात काही उगवणार नाहीत. भंगार बाजारातून आख्खा गिअरबॉक्स आणावा, तर तो कुणाच्या गाडीत किती झिजलाय कोण सांगणार? म्हणून आहे तोच उतरवून खोलायचा ठरवलंय. खर्च मोठा आहे. तेवढी जुळवाजुळव होऊ दे, रिंगा अस्सल मिळू देत. मिस्त्रींचा हात चांगला आहे, त्यांना घाई करायला लावणारं गिऱ्हाईक या आठवड्यात नको येऊ दे.

तुझा फोटो डॅशबोर्डवर आहे, तो तिथेच राहील. पण गिअर धरायचं काम मी तुझ्यावर टाकणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत या गाडीत माणूस बसवून घाट उतरायचा नाही, हे तुझ्यासमोर बोलतोय. कुणी कितीही गळ घातली, भाडं कितीही देऊ केलं, तरी माझा शब्द ढळू देऊ नकोस.

आणि जे डिझेल वाचवायला मुद्दाम न्यूट्रलवर घाट उतरतात, त्यांनाही सांभाळ. गिअरमध्ये पाय उचलून उतरलं की पंप डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायलाच डिझेल जळतं. म्हणजे जीव टांगणीला लावून वाचत काहीच नाही. हे त्यांना कुणीतरी शेजारी बसून सांगू दे. पावसाळ्यात धुक्यानं समोरचं वळण दिसत नाही, तेव्हा तर त्यांच्या मागे-पुढे एसटी असते, शाळेच्या सहली असतात.

एकच मोठं मागणं उरलंय. घोटीच्या आसपासच्या वाड्यांवर रात्री-अपरात्री लोक हीच गाडी बोलवायचे. बाळंतपण असो, साप चावलेला असो, मीच दवाखान्यात पोचवायचो. आता काही दिवस ती गॅरेजात असेल. या दिवसांत कुणा लेकीला कळा लागल्या, तर आई, 108 ची गाडी वेळेवर पोचू दे.