दुःखात हाक कोणाला?



ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे त्यांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. घरात मृत्यू झाला, मूल तापाने फणफणले, की शेजारी म्हणतात, "तुमच्या धर्मात देवच नाही, मग संकटात हाक मारता तरी कोणाला?" कोणी हे हिणवण्यासाठी विचारतो, कोणी कळवळ्याने. 'आम्ही देव मानीत नाही' एवढ्या उत्तराने भागत नाही, कारण आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईच्या मनातही तोच प्रश्न असतो.

या प्रश्नाचे सर्वांत प्रेमळ उत्तर ख्रिस्ती धर्माने दिले आहे असे मला वाटते. म्हणून ते आधी नीट समजून घेऊ. ख्रिस्ती माणूस देवाला बाप म्हणतो. आपल्या कोकणातही गाऱ्हाण्यात देवाला 'बा' म्हणतात. पण तो नवस चुकला की कोपणारा बा, आणि आपली माणसे त्याच्या पायरीखाली उभी! येशूने सांगितलेला बाप तसा नाही. सारा पैसा उधळून परत आलेल्या मुलाला पाहताच जो धावत सामोरा जातो, तो हा बाप. मग त्याच्या लेकरांना दुःख का? बायबलात याला एकच उत्तर नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात दुःखाला बापाने लावलेली शिस्त म्हटले आहे. ईयोबाच्या कथेत मात्र निर्दोष माणसाचे सर्वस्व जाते, आणि 'तुझेच काही पाप असेल' म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांवरच देव रागावतो. पुढे खुद्द येशूने, जमल्यास हा दुःखाचा प्याला टळो, अशी बापाला विनवणी केली; प्याला टळला नाही. यावरून ख्रिस्ती भाविक असे समजतो की बाप दुःख टाळीलच असे नाही, पण तो लेकराला दुःखात एकटे सोडीत नाही.

ही श्रद्धा पोकळ नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, पुढे भाऊ गेला, 1882 साली पती गेले. 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या नुसत्या प्रार्थना करीत बसल्या नाहीत. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी 1922 मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत त्यांचे काम चालूच होते. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी जन्मलेले कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांनी तर आपल्या भजनांत ख्रिस्ताला माउली केले. मराठी माणसाला दुःखात नुसता बाप पुरत नाही, हेच खरे!

मग आपण हे उत्तर का घेतले नाही? बापाची शिस्त हा शब्द ऐकला की आपल्या कानांत जुनेच शब्द घुमतात. 'मागल्या जन्मीचे पाप भोगा' असे आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. दुःखाचा दोष दुःखी माणसाच्याच पदरात टाकणारी ती शिकवण होती. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला बंद होते, ती कोणत्या बापाची शिस्त? ख्रिस्ती बंधू म्हणतील, ते माणसांचे पाप, बापाचे नव्हे. मान्य. पण मग तो हिशेब माणसामाणसांतलाच राहतो आणि माणसांनीच तो मिटवावा लागतो. एका बापाची लेकरे म्हणविणाऱ्यांच्या चर्चमध्येही भारतात जात उरली, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे.

भगवान बुद्धांकडे किसा गोतमी मेलेले मूल घेऊन आली, ती कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. काहींना हे उत्तर कोरडे वाटते. मला तसे वाटत नाही. त्यांनी तिला आकाशाकडे पाहायला लावले नाही; शेजारच्या दाराशी पाठविले. प्रत्येक दारात तिला आपल्यासारखेच कोणी हरवलेले माणूस भेटले. बाबासाहेबांनीही आपली चार मुले गमावली. 1926 साली लाडका राजरत्न गेला, आणि मार्च 1927 मध्ये ते महाडला चवदार तळ्यावर उभे होते.

आता एक अवघड गोष्ट. वर हाक ऐकणारा कोणी नाही असे आपण म्हणतो, तेव्हा ती हाक ऐकण्याचे काम आपल्याच वाडीवर येते. पुण्यानुमोदनाला सारे जमतात, त्रिशरण-पंचशील होते, जेवण होते, चाकरमानी मुंबईची गाडी पकडतात. पंधरा दिवसांनी त्या घरात एकटी म्हातारी उरते. तिच्या तोंडून सवयीने 'देवा' निघाले, तर तिथल्या तिथे बावीस प्रतिज्ञा ऐकवू नका. आधी तिच्याजवळ बसा, तिचा हंडा भरून द्या, रात्री एखादी मुलगी सोबतीला पाठवा. प्रतिज्ञांविषयी बोलायला पुढची पौर्णिमा आहेच.