घेण्याचे माप, देण्याचे माप

पेट्रोल पंपावर गाडी उभी राहते, टाकीचे झाकण उघडते आणि नळी हातात घेतलेला माणूस पहिले वाक्य बोलतो: 'झिरो बघा.' दिवसातून शेकडो वेळा तो हे म्हणतो. ऐकणारा मान हलवतो. कधी खरोखर बघतो, बहुतेकदा बघत नाही. आपल्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत होती. मोजणीला शुभशब्दाने सुरुवात व्हावी, एवढीच त्यामागची भावना. पंपावरची मोजणी शून्यापासून सुरू होते आणि त्या शून्याला साक्षी राहायला देणारा घेणाऱ्याला बोलावतो. या छोट्याशा बोलावण्यात मला एक जुना धर्मप्रश्न दिसतो. मी आकडा बघितला, तर समोरच्या माणसावर अविश्वास दाखवला असे होते का? आणि त्याचे माप तपासण्याचा हक्क मला असेल, तर माझ्या हातातले माप कोणी तपासायचे? पहिला प्रश्न आपण अधूनमधून विचारतो. दुसरा जवळजवळ कधीच विचारत नाही, आणि पंपावरचा रोजचा बराचसा वैताग त्या न विचारलेल्या प्रश्नातून येतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी संशयाला काय आधार आहे ते पाहू. 'मापात पाप' हा मराठीतला शब्दप्रयोग उगीच रूढ झालेला नाही, आणि इंधनाच्या व्यापारात त्या पापाने माणसांचे जीव घेतले आहेत. भेसळ करणारा पंप बंद केला म्हणून सरकारी तेल कंपनीतला तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम याचा 2005च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत खून झाला. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडताना जिवंत जाळले गेले. 2017 साली पंपाच्या यंत्रात बसवलेल्या चिपचे प्रकरण आधी उत्तर प्रदेशात उघडकीला आले आणि मग ठाणे पोलिसांच्या तपासातून महाराष्ट्रापर्यंत पोहोचले. पडद्यावर आकडा पुरा दिसावा आणि टाकीत पेट्रोल कमी पडावे, अशी ती करामत होती. एवढे घडून गेल्यावर ग्राहकाने आकड्यावर नजर ठेवली, तर त्याला कोत्या मनाचा म्हणता येणार नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने वजने-मापे शिक्का मारून प्रमाणित करावीत आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावीत असे सांगितले आहे. कौटिल्याने वजनमापांसाठी वेगळे प्रकरणच लिहिले. त्या स्मृतीतले पुष्कळ काही आज टाकून देण्याजोगे आहे, पण व्यापारी भला आहे की नाही याची वाट न पाहता माप तपासावे, ही दृष्टी शहाणपणाची आहे. तपासणी ठरलेल्या वेळी आणि सगळ्यांची होते, म्हणून ती कोणाचाच अपमान ठरत नाही.

आजही व्यवस्था त्याच धर्तीची आहे. वैधमापन शास्त्र विभाग पंपाची यंत्रे पडताळून त्यांना मोहोर लावतो. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप असावे लागते आणि ग्राहकाने मागितले तर त्यात इंधन मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. पेट्रोलमध्ये भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागता येतो: थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहता कामा नये. हे सारे हक्क भिंतीवरच्या फलकावर लिहिलेले असतात. तरी ते पाच लिटरचे माप मागणारा ग्राहक किती विरळा! त्याऐवजी आपण शंभरचे न भरता एकशे दहाचे भरतो, कारण शंभर आणि दोनशेच्या आकड्यांवर यंत्र 'सेट' केलेले असते असा समज आहे. यंत्राची मोजणीच बिघडवलेली असेल तर वरच्या दहा रुपयांनी ती सुधारत नाही. माप मागायला थोडे थांबावे लागते आणि चारचौघांत बोलावे लागते. एकशे दहा म्हणायला काहीच लागत नाही. आपला संशय खरा असतो, पण आपण त्याला कामाला लावत नाही, नुसता चेहऱ्यावर बाळगतो.

आणि तो चेहरा वळतो कोणाकडे? नळी धरलेल्या माणसाकडे. यंत्रात चिप बसवली गेली, तर तिची कमाई मालकाची. टँकरमध्ये भेसळ झाली, तर तिची साखळी त्या माणसाच्या कितीतरी वर असते. तो आठ-दहा तास पेट्रोलच्या वाफेत उभा असतो, त्या वाफेत बेंझिन असते आणि बेंझिनने कर्करोग होतो हे विज्ञानाने निश्चित केलेले आहे. त्याला बोलावण्याची आपली तऱ्हा मात्र 'ए, पाचशेचं टाक' अशी. रिक्षावाल्याला 'दादा' आणि भाजीवालीला 'मावशी' म्हणणारे मराठी तोंड काच अर्धी खाली करून पन्नाशीच्या माणसाला अरे-तुरे करते. संशय यंत्रावर आणि मालकावर ठेवायचा, माणसाशी सभ्यतेने वागायचे, ही विभागणी अवघड नाही. आपण ती नेमकी उलटी करतो. यंत्राला काही विचारत नाही आणि माणसावर डाफरतो.

मापाविषयी धर्मग्रंथांनी काय म्हटले आहे, ते इथे उपयोगी पडते. वरवर वाचले तर सगळे सांगतात, कमी मोजू नका. नीट पाहिले की त्यांचा रोख आणखी खोल असल्याचे दिसते. कुराणातल्या 'अल-मुतफ्फिफीन' या सूरेचे नावच मापात लबाडी करणाऱ्यांवरून पडले आहे. तिथे दोष दिला आहे तो स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना हात आखडणाऱ्या माणसाला. बायबलच्या जुन्या करारातले अनुवादाचे पुस्तक पिशवीत दोन प्रकारची वजने ठेवायला मनाई करते. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, गृहस्थाच्या अचौर्यव्रताचे पाच अतिचार दिले आहेत; त्यांतला एक 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे देण्यासाठी लहान आणि घेण्यासाठी मोठे माप वापरणे. लगेच पुढचा 'प्रतिरूपकव्यवहार', अस्सलात नक्कल मिसळणे. पंपावरची दोन्ही पापे तिथे शेजारी शेजारी बसलेली आहेत. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या तीन परंपरांनी बोट ठेवले ते मापांच्या दुजाभावावर. जगाला एक माप लावायचे आणि स्वतःला दुसरे, हा मूळ दोष. कमी धान्य किंवा कमी तेल हे त्याचे फळ.

महाभारताने ही गोष्ट कथेत सांगितली. शांतिपर्वातला जाजली नावाचा तपस्वी खांबासारखा निश्चल उभा राहिला, इतका की पाखरांनी त्याच्या जटांमध्ये घरटे केले, अंडी घातली, पिल्ले मोठी होऊन उडून गेली, तरी तो हलला नाही. मग त्याला वाटले, आपल्याला धर्म सापडला. तेव्हा त्याला ऐकू आले, की काशीतल्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली त्याला शोधत गेला, तर तुलाधार दुकानात बसून माल विकत होता. रानात उभ्या असलेल्या तपस्व्याने बाजारातल्या वाण्याकडून धर्म शिकावा, हेच या संवादाचे धाडस आहे. तुलाधाराची शिकवण अशी, की त्याचा तराजू सर्व प्राण्यांसाठी सारखा आहे. त्याला कोणाची मर्जी राखायची नाही आणि कोणाशी वैरही नाही. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की तुलाधाराच्या धर्माला वेगळी वेळ आणि वेगळी जागा लागत नाही. समोर गिऱ्हाईक आहे, मागे दुसरे उभे आहे, हातात काटा आहे. त्याची साधना एवढ्यातच चालते. आपल्या देहूच्या तुकोबांचे घराणेही दुकानदारीचे होते, हे या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही.

आता आपल्या हातातल्या काट्याकडे येऊ. ग्राहक पंपावर काय मोजतो? वेळ मोजतो. नळीसमोरची जागा ही त्याला काही मिनिटांसाठी मिळालेली सामायिक वस्तू असते आणि ती वापरताना तो मागच्यांचा वेळ आपल्या मापाने मोजून देत असतो. रांगेत दहा मिनिटे उभी असलेली गाडी पुढे येते आणि मगच टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे याचा शोध सुरू होतो. बहुतेक गाड्यांत इंधनाच्या काट्याशेजारी ती बाजू दाखवणारा छोटा बाण असतो, तो पाहायला दहा मिनिटांत सवड झालेली नसते. पेट्रोल भरून झाल्यावर मोबाइल बाहेर निघतो, ॲप उघडते, पिन आठवत नाही, नेट मिळत नाही. पैसे दिल्यावर गाडी लगेच हलत नाही. पाकीट खिशात जाते, पट्टा लावला जातो, गाणे बदलले जाते. हवा भरून घ्यायची असते म्हणून गाडी वाटेतच तिरकी थांबते. दुचाकीवाला चारचाकीच्या फटीतून पुढे सरकतो, 'माझे शंभरचेच आहे' म्हणतो, आणि त्याच्या मागून आणखी तिघे सरकतात. हाच ग्राहक रांगेत मागे होता तेव्हा पुढच्याच्या प्रत्येक सेकंदाचा हिशेब ठेवत होता, हॉर्न वाजवत होता. घेताना त्याने वेळ शिगोशीग भरून घेतला, देताना हातचे राखले. पंचवीस मिलिलिटरसाठी मालकाला चोर म्हणणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या पिशवीत दोन वजने निघतात.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: कमी पेट्रोल देणे ही चोरी आहे, रांगेत रेंगाळणे हा फार तर गबाळेपणा, दोन्ही एका पंक्तीत बसवणे अन्याय आहे. आक्षेपात तथ्य आहे. चिप बसवणाऱ्याला तुरुंग हवा आणि रेंगाळणाऱ्याला नको, यात मला शंका नाही. पण जैन आचार्यांनी 'अतिचार' हा शब्द योजला तो अशाच जागेसाठी. व्रत मोडणे वेगळे आणि व्रताला तडा जाणे वेगळे. माझे व्रत शाबूत आहे असे मानणाऱ्या माणसाच्या हातून जे घडते, ते अतिचार. रेंगाळणारा स्वतःला प्रामाणिकच समजतो, म्हणून त्याला दुरुस्तीची गरज वाटत नाही. शिक्षा करायची की नाही हा कायद्याचा प्रश्न झाला. आपण कोणत्या मापाने जगतो हा धर्माचा प्रश्न शिक्षेच्या आधीच सुरू होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सामान्य माणसाला शिष्टाचार शिकवता, आणि वरची मोठी मापे? लिटरमागे कर किती जातो, याचा हिशेब पंपावर कोण मागतो? आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणजे लिटर पुरता भरला तरी तो पूर्वीइतका चालवत नाही. हे मिश्रण जाहीर आहे, म्हणून त्याला भेसळ म्हणता येत नाही, आणि महाराष्ट्रातल्या ऊसउत्पादकाला त्यातून आधारही मिळतो. तरीही ग्राहकाला निवड न देता केलेल्या या बदलाबद्दल त्याने प्रश्न विचारलेच पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते. फक्त हा राग सरकारवरचा असेल तर तो नळी धरलेल्या माणसावर आणि मागे थांबलेल्या गाडीवर काढून तो सरकारपर्यंत पोहोचत नाही. मोठ्या मापाबद्दल जाब विचारण्यासाठी लहान माप खोटे करायची सूट कोणाला मिळत नाही. उलट, ज्याच्या पिशवीत एकच वजन आहे, त्याच्या प्रश्नाला टाळणे अवघड जाते.

तिसरे म्हणणे असे, की या सगळ्यातून माणूसच वजा करा. स्वतः भरा, यंत्राला कार्ड दाखवा, निघा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी असेच चालते. न्यू जर्सीत मात्र 1949 पासूनच्या कायद्याने ग्राहकाला स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे, त्यामुळे तिथली मराठी कुटुंबे आजही काच खाली करून भरणाऱ्याशी दोन शब्द बोलतात आणि नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेली की स्वतः नळी धरतात. भरणारा माणूस गेला की त्याच्यावरचा संशय जातो, त्याच्याशी होणारी उर्मट भाषाही जाते, हे खरे. पण नळी परत जागेवर अडकवून, गाडी तिथेच ठेवून, समोरच्या दुकानात कॉफी घ्यायला जाणारा माणूस नदीच्या त्या काठावरही असतो, आणि त्याच्या मागे इंजिन बंद करून कोणीतरी थांबलेले असते.