क्रमवारी, क्षेम आणि फलाशा

व्यावसायिक टेनिसपटूची कारकीर्द ही निष्काम कर्माच्या सिद्धान्ताची कसोटी पाहणारी गोष्ट आहे, कारण या खेळात प्रत्येक कर्माचे फळ गुणांच्या रूपाने ताबडतोब मोजले जाते आणि पुढच्या स्पर्धेत प्रवेश मिळणार की नाही, हेही त्या गुणांवरच ठरते. फळ पदरात असल्याशिवाय जिथे पुढचे कर्म करण्याची संधीच मिळत नाही, तिथे फळाची आशा सोडून खेळणे शक्य आहे काय, हा प्रश्न पुण्याजवळच्या पुनावळे परिसरात तरी निव्वळ पुस्तकी मानता येत नाही. कारण या गावाच्या एका अंगाला देहू आहे आणि दुसऱ्या अंगाला, महामार्गाने थोडे दक्षिणेस गेले की, म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते, जिथे एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग कप या सांघिक स्पर्धेची आशिया-ओशनिया गटाची फेरी झाली.

या प्रश्नाला प्रशिक्षकांकडून मिळणारे ठरावीक उत्तर असे असते की, निकालाचा विचार न करता फक्त पुढच्या पॉइंटकडे लक्ष द्यावे. या उपदेशाला गीतेचा आधार देण्याची पद्धत रूढ असली, तरी ती ग्राह्य धरणे कठीण आहे, कारण फळ हमखास मिळावे म्हणून फळ विसरण्याची ही युक्ती मुळात सकामच आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्य टिळकांनी घेतलेली भूमिका याहून काटेकोर आहे. कर्माचा परिणाम काय होईल हे ओळखून त्याप्रमाणे साधनांची जुळवाजुळव करणे त्यांना मान्यच होते. त्यांनी त्याज्य ठरवली ती फलाशा, म्हणजे 'ते फळ मलाच मिळाले पाहिजे' ही ममत्वाची आसक्ती. या अर्थाने जिंकण्यासाठी खेळणारी खेळाडू निष्काम असू शकते.

परंतु टेनिसमध्ये खरा पेच याच्याही पुढे सुरू होतो. महिला टेनिसची जागतिक क्रमवारी मागील ५२ आठवड्यांच्या कामगिरीवर ठरते आणि वर्ष उलटले की जुने गुण आपोआप गळून पडतात. पोलंडच्या इगा श्वियाँतेक हिने २०२४ ची फ्रेंच ओपन जिंकून २००० गुण मिळवले. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत ती उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली, परंतु तिथे आरिना सबालेंकाकडून हरल्यामुळे त्या २००० गुणांच्या जागी ७८० गुण उरले आणि स्पर्धेतल्या अखेरच्या चार खेळाडूंत स्थान मिळवूनही ती क्रमवारीत सातव्या स्थानावर घसरली. पुढच्याच महिन्यात तिने विम्बल्डन जिंकले, हे खरे; पण त्या गुणांनाही वर्षाचीच मुदत होती.

गीतेच्या नवव्या अध्यायातील स्वर्गाचे वर्णन याच जातीचे आहे. यज्ञयागांनी पुण्य जोडणारे स्वर्ग भोगतात आणि पुण्य संपले की मर्त्यलोकी परततात, असे तिथे म्हटले आहे, तर त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी दिलेला दृष्टान्त बराच निष्ठुर आहे: वेश्येपाशी पैसा खर्चून बसलेल्याला मग तिच्या दारालाही हात लावता येत नाही. लगेच पुढच्या श्लोकात योगक्षेमाचा विषय येतो. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला असला, तरी त्यातील दोन पदे वेगळी आहेत: न मिळालेले मिळवणे हा योग आणि मिळालेले राखणे हे क्षेम. फलाशेची चर्चा करताना परंपरेचा भर बहुधा पुढे मिळणाऱ्या फळाच्या इच्छेवर राहिला. टेनिसपटूंच्या बोलण्यात मात्र 'पॉइंट डिफेंड करणे' (गेल्या वर्षी मिळवलेले गुण राखणे) हे शब्द वारंवार येतात, म्हणजेच खेळाडूच्या मनावरचे मोठे ओझे योगाचे नसून क्षेमाचे असते. हाती आलेले फळ सोडवत नाही, ही आसक्ती अधिक चिवट आहे.

ऋतुजा भोसले हिची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मूळची श्रीरामपूरची आणि पुण्यातून पुढे आलेली ही खेळाडू अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि नंतरची बरीच वर्षे तिने आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धांत घालवली. या स्पर्धांच्या सर्वांत खालच्या श्रेणीत सगळ्या खेळाडूंमध्ये मिळून वाटली जाणारी बक्षिसाची रक्कम १५ हजार डॉलर असते. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत तिने रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला, दुसरा ६-३ असा परत आला आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळल्या जाणाऱ्या दहा गुणांच्या निर्णायक टायब्रेकमध्ये भारतीय जोडी १०-४ अशी जिंकली. मिश्र दुहेरीला जागतिक क्रमवारीच नसल्यामुळे तिच्या आयुष्यातील या सर्वांत मोठ्या विजयाचे क्रमवारीतील मोल शून्य होते. आणि म्हणूनच वर्षभराने त्यातून काही वजा होण्याचाही प्रश्न नव्हता.

एवढ्यावरून ते सुवर्ण निष्काम ठरत नाही, कारण सन्मान आणि बक्षिसे हीसुद्धा फळेच आहेत. मात्र त्या सामन्यात क्षेमाची चिंता नव्हती आणि कर्तेपणही दोघांत वाटलेले होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान (शंकराचार्यांच्या मते शरीर), कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि दैव; आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असेही तिथे बजावले आहे. मिश्र दुहेरीत नेटपाशी उभ्या जोडीदाराने अडवलेला चेंडू कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे ठरवता येत नाही. क्रमवारी मात्र पाचही कारणांचा हिशेब एकाच नावापुढे मांडते.

यावर आक्षेप असा की, ज्या खेळाडूचे विमानाचे भाडेही गुणांवर अवलंबून आहे, तिला क्षेमाची चिंता सोडण्यास सांगणे हा पोट भरलेल्यांचा उपदेश आहे. आक्षेप रास्त आहे. गीतेत भक्ताचा योगक्षेम ईश्वर वाहतो; छोट्या स्पर्धांत खेळणाऱ्या मुलीचा तो बहुधा तिचे आईवडील वाहतात, आणि रावेत-पुनावळ्याच्या गृहसंकुलांतून मुलींना टेनिसच्या वर्गाला घालणाऱ्या घरांना याची कल्पना उशिरा येते. व्यवस्थेने स्वतः पत्करलेला क्षेमाचा वाटा लहान आहे: दुखापतीमुळे किंवा मातृत्वामुळे किमान सहा महिने दूर राहिलेल्या खेळाडूला जुन्या क्रमांकावर मोजक्या स्पर्धांत प्रवेश मिळतो, गुण मात्र तिला नव्यानेच मिळवावे लागतात.